नळी उजवीकडे होती

शहाड
४ नोव्हेंबर २०२४

विनिता,

आशीर्वाद आहेतच, ते पत्राच्या शेवटी पुन्हा लिहिणार नाही. हे पत्र मुद्दाम तुझ्या पतपेढीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं तर सहदेव पाकीट फोडतो. फोनवर बोलायचं तर माझे कान कामातून गेलेत, कानातलं मशीन नुसत्या शिट्ट्या मारतं. आणि त्या व्हॉट्सअॅपवर मी भांडत नाही. भांडायला मला कागद लागतो.

काल भाऊबीज झाली. नेहमीप्रमाणे सहदेवला पाटावर बसवलं आणि तेल लावायला घेतलं. शर्ट काढायला तयार नव्हता, नको नको म्हणत होता. मी ऐकते होय? ऐकूच येत नाही तर. शर्ट निघाला आणि माझा हात तिथेच थांबला. खांद्यांची हाडं हाताला लागतात गं त्याच्या. चेहरा आणि पावलं तेवढी सुजलेली, म्हणून कपड्यांत कळत नाही. मी आयुष्यभर शाळेत मुलं पाहिली आहेत. उपाशी मूल मला वर्गाच्या दारातूनच ओळखू येतं.

विचारलं तर म्हणाला, "विनिता सगळं मोजून देते. भाजी उकळून पाणी ओतून टाकते. डाळ जेमतेम, नारळ नाही, प्यायचं पाणीसुद्धा मापाने." हसत म्हणाला, पण म्हणाला.

पाडव्याला तू त्याला साधं तेलही लावलं नाहीस, हेही कळलं. नवऱ्याला वर्षातून एकदा तेल लावायचं, तेही जड झालं? मानेच्या डाव्या बाजूला त्या डायलिसिसच्या नळीच्या गाठी राहिल्यात, बोराएवढ्या. नळीमुळेच झाल्या आणि दुखत नाहीत, असं म्हणाला. त्यांच्यावरून कधी कुणी मायेचा हात फिरवला असेल असं वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत तुझी किडनी त्याला बसवायची ठरली आहे. आधी गणपतीनंतर म्हणालीस, मग दिवाळीनंतर, आता जानेवारी. मन बदललं असेल तर तोंडावर सांग. आधी माणूस इतका वाळवायचा की डॉक्टरांनीच नको म्हणावं, असा काही बेत असेल तर मला तो कळतो, एवढं लक्षात ठेव.

मालन

*

बाळकुम, ठाणे
८ नोव्हेंबर २०२४

ति. ताईंना नमस्कार.

तुमचं पाकीट शिपायाने सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "मॅडम, हल्ली पत्रं कोण पाठवतं?" म्हणाला. नणंद पाठवते, असं मी सांगितलं नाही. बाथरूममध्ये जाऊन वाचलं. रडले नाही, राग आला.

भाजी उकळून पाणी ओतायचं हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. डायलिसिस सेंटरवरच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. पण मी उपाशी ठेवत नाही. रोज अंडी उकडून पुढे ठेवते. हे अर्धं खातात आणि उठतात. "ताईकडे रविवारी इतकं झालंय की आठवडाभर पुरेल," म्हणतात.

आता तुम्ही ऐका. सेंटरवर दर मंगळवार-गुरुवार-शनिवारी ह्यांचं वजन होतं, मशीनवर झोपण्याआधी आणि उतरल्यावर. उतरताना किती भरायला हवं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आहे. त्याला ड्राय वेट म्हणतात, म्हणजे जादाचं पाणी काढल्यावर उरेल तो माणूस. वर्षभर तो आकडा तसाच आहे. उपाशी ठेवलेल्या माणसाचं वजन तसंच राहतं का हो ताई?

उलट सेंटरवाले मलाच दटावतात. ह्यांना धाप का लागते, पाय का सुजतात, खारट काय देता? मी देत नाही. मग कोण देतं? रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत हे तुमच्याकडे असतात. तुमचे पापड, तुमची सुकटीची चटणी मला माहीत आहे. मागच्या आठवड्यात ह्यांच्या बॅगेत तापाच्या गोळ्या सापडल्या, शहाड स्टेशनजवळच्या मेडिकलच्या पिशवीत. तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवताय?

पाडव्याचं म्हणाल तर मी पाट मांडला होता, तेल कोमट करून ठेवलं होतं. शनिवार होता, डायलिसिसचा वार. हे म्हणाले, "आज नको, हाताला सुया टोचायच्यात, ओल नको. उद्या ताई लावेलच." म्हणून नुसतं ओवाळलं.

किडनीचं एवढंच सांगते. ती माझी आहे आणि द्यायची हे मी ठरवलं. कुणी मागायला आलं नव्हतं. तारखा पुढे गेल्या त्या हॉस्पिटलच्या आणि अवयवदानाच्या कमिटीच्या परवानगीमुळे.

विनिता

ता. क. पाकीट बंद करण्याआधी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. गाठी डाव्या बाजूला आहेत असं तुम्ही लिहिलंय. ताई, नळी उजवीकडे होती. डायलिसिसच्या सुयांसाठी हाताची शीर तयार होईपर्यंत मीच त्या बाजूला प्लास्टिक बांधून ह्यांना अंघोळ घालत होते. माझी चूक होणं शक्य नाही. नक्की डावीकडेच का? आणि ह्यांना ताप येतो का? भांडण नंतर करू, एवढं आधी सांगा.

*

शहाड
१२ नोव्हेंबर २०२४

विनिता,

डावं-उजवं मला कळतं. अर्ध्या शहाडला ते मीच शिकवलं आहे. गाठी डावीकडेच आहेत. नळी उजवीकडे असेल तर तो नळीमुळे का म्हणाला, हे त्यालाच माहीत.

पण तुझा तापाचा प्रश्न मला सरळ वाटत नाही. ताप निघाला की जानेवारीची तारीख जाते. सहदेवनेच मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "विनिताला कळू देऊ नकोस, तिला निमित्तच हवंय." गळ्याची शपथ घातली आहे त्याने. तेव्हा त्याला ताप येतो की नाही, हे मी तुला मुळीच सांगणार नाही. गोळ्या मी आणल्या हे मात्र नाकारत नाही. दिवेलागणीला भाऊ हुडहुडी भरून गोधडीत शिरतो आणि पहाटे गंजी पिळून निघावी इतका घामाने भिजतो म्हणतो, तेव्हा बहिणीने काय नुसतं बघत बसायचं?

सुकटीचा आरोप साफ खोटा आहे. माझ्याकडे तो खातच नाही. मी ताट वाढते, तो दोन घास खाऊन सरकवतो आणि म्हणतो, "विनिताने दाबून खाऊ घालून पाठवलंय."

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की भाऊबीजेला तो नेमकं उलट म्हणाला होता. दोन्ही कसं खरं असेल? तुझ्या घरात काहीतरी लपवलं जातंय, एवढं मात्र मला पक्कं कळलं.

मालन

*

बाळकुम, ठाणे
१७ नोव्हेंबर २०२४

ति. ताई,

तुम्ही काहीही सांगितलं नाहीत आणि मला सगळं कळलं. आभार.

गुरुवारी मी हाफ डे टाकून सेंटरवर गेले. एरवी हे एकटेच रिक्षाने जातात-येतात. घरी आल्यावर खुर्चीत डोळा लागला ह्यांचा. मफलर बाजूला केला आणि मानेवर हात ठेवला. गाठी लागल्या. तेवढ्यात हे जागे झाले आणि माझं मनगट धरलं. म्हणाले, "विनू, जानेवारीपर्यंत थांब. मग काय करायचं ते कर. पुन्हा तारीख मिळायला वर्ष जाईल, तेवढं मी मशीनवर काढू शकत नाही."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. दाढी करताना हाताला लागलं होतं.

ताई, थांबावं असं मलाही वाटलं. कारण मी डॉक्टरांना सांगितलं की तारीख जाणार, आणि तारीख गेली की तुम्ही म्हणणार, शेवटी हिने काढता पाय घेतलाच. शुक्रवारभर पतपेढीत माझं कशात लक्ष नव्हतं. एक पावती दोनदा फाडली.

काल शनिवारी डॉक्टरांना ह्यांच्यासमोर सांगितलं. त्यांनी मान पाहिली, काखा पाहिल्या. तापाचं विचारलं तर हे म्हणाले, "छे." मी म्हटलं, "दिवेलागणीला हुडहुडी भरते, ह्यांच्या बहिणीने पाहिलंय." हे माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी ह्यांना पकडून दिलं. घरून निघताना गोळी घ्यायचे, म्हणून सेंटरवर ताप कधी भरलाच नाही. घरीही मी पतपेढीतून यायच्या आत गोळी घ्यायचे आणि रात्री धापेमुळे बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपायचे, म्हणून ताप आणि घाम मला कधी कळलाच नाही.

डॉक्टरांना टीबीचा संशय आहे. उद्या गाठीत सुई घालून नमुना घेतील. जानेवारीची तारीख त्यांनी माझ्यासमोर खोडली. आता तुम्हाला म्हणायचं ते म्हणा.

विनिता

*

शहाड
२० नोव्हेंबर २०२४

विनिता,

तारीख गेली. मला आश्चर्य वाटलं नाही.

टीबी म्हणे! ऑगस्टमध्ये किडनीच्या तपासण्यांत त्याच्या हातावर टीबी तपासायची सुई टोचली होती. मुदत झाल्यावर तो हात मी स्वतः चष्मा लावून पाहिला. डास चावल्याएवढंही फुगलं नव्हतं. छातीचा फोटो स्वच्छ आला. त्याला खोकला नाही, थुंकीत काही नाही. मग हा टीबी अचानक डिसेंबरच्या तोंडावर कुठून उगवला? आमच्या घरात तो कुणाला नव्हता. तुझ्या माहेरी कुणाला होता का, हे एकदा सांगून टाक.

कल्याणला सुश्रुत म्हणून माझा विद्यार्थी आहे, छातीच्या रोगांचा डॉक्टर. रिपोर्ट आला की मी सहदेवला त्याच्याकडे नेणार. तुझ्या डॉक्टरने तुझ्या सोयीचं लिहून दिलं असेल तर ते तिथे उघडं पडेल.

मालन

*

बाळकुम, ठाणे
२७ नोव्हेंबर २०२४

ताई,

रिपोर्ट आला. गाठीत टीबी आहे.

माझ्या माहेरी कुणाला नव्हता. असता तरी सांगितलं असतं.

ह्यांना कल्याणला न्या, मी अडवणार नाही. सगळी फाइल ह्यांच्याकडे देते. एकच विनंती आहे. गोळ्या उद्यापासून सुरू होताहेत, त्या थांबवू नका. डायलिसिसच्या दिवशी त्या मशीनवरून उतरल्यावरच द्यायच्या असतात, आधी दिल्या तर औषध मशीनमध्ये वाहून जातं. तुमच्याकडे असले तर हातावर ठेवून घ्यायला लावा आणि तोंड उघडून बघा. ह्यांच्या "घेतली"वर आता माझा विश्वास नाही.

विनिता

*

शहाड
२ डिसेंबर २०२४

विनिता,

काल जाऊन आले. सुश्रुत आता टकला झाला आहे, पण मला बघून उभा राहिला. मला ऐकू येत नाही म्हणून सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देत होता. अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे. तो माझा धाक खाऊन मोठा झालाय, माझ्याशी खोटं बोलणार नाही. फाइल पाहिली, मान पाहिली, आणि लिहिलं: "निदान बरोबर आहे. वेळेवर झालं."

मी सुईचं विचारलं. तो म्हणाला, ती सुई टोचल्यावर हात फुगतो तो अंग रोगजंतूंशी झगडतं म्हणून. डायलिसिसवरच्या माणसाचं अंग इतकं थकलेलं असतं की झगडा उठतच नाही. हात फुगला नाही म्हणजे रोग नाही, असं धरून चालत नाही. अशा माणसांत टीबी पुष्कळदा छाती सोडून गाठीत, पोटात, हाडात बसतो. खोकला येत नाही, म्हणून कुणाच्या मनात येत नाही. भूक गेली, थकवा आला, तर सगळे म्हणतात किडनीमुळेच. आणि हे जंतू लहानपणापासून अंगात झोपून असतात, ताकद गेली की उठतात. "कुणी दिला ते शोधत बसू नका बाई," असं त्याने लिहिलं. तुझ्या माहेराबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

तुझ्या त्या ड्राय वेटचंही विचारलं. मांस झडत गेलं आणि तेवढी जागा पाण्याने भरून काढली, असं त्याने समजावलं. काटा जिथल्या तिथे. म्हणून धाप, म्हणून सूज. त्याला कुणी खारट देत नव्हतं आणि कुणी उपाशीही ठेवत नव्हतं.

मग मी विचारलं, जानेवारीत किडनी बसवली असती तर? त्याने लिहिलं, नवी किडनी टिकावी म्हणून औषधाने अंगाची झगडायची ताकद मुद्दाम दाबतात. मग गाठीतला टीबी अंगभर पसरला असता, एवढं लिहून त्याने पेन खाली ठेवलं. मला कळलं.

बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडवर सहदेवला उभा केला. विचारलं, मला सांगायचं ती उपाशी ठेवते, तिला सांगायचं मी खाऊ घालते, हा काय प्रकार? मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणायला लावलं, मोठ्याने. रांगेतल्या लोकांनीही ऐकलं. "तुम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून होता, तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं."

विनिता, मी त्याला भर रस्त्यात एक लगावली असती. डायलिसिसची शीर असलेला हात त्याने मध्ये धरला म्हणून वाचला. मग तिथेच रडायला लागला, एवढा मोठा माणूस. मशीनची भीती वाटते म्हणाला. दर वेळी सुया टोचताना डोळे मिटून माझं आणि तुझं नाव घेतो म्हणाला. मला इतकी वर्षं हे माहीत नव्हतं.

तू त्या शनिवारी डॉक्टरांपुढे तोंड उघडलंस. मी काय म्हणेन हे माहीत असून उघडलंस. मी मात्र शपथ धरून बसले होते आणि त्यालाच माया समजत होते. माफी मागायची मला सवय नाही. शेवटी आशीर्वाद लिहिणार नाही म्हणाले होते, ते लिहिते.

तुला अनेक आशीर्वाद.

मालन

*

बाळकुम, ठाणे
पाडवा, २२ ऑक्टोबर २०२५

ति. ताईंना नमस्कार.

या वर्षी आपण एकमेकींना पत्र लिहिलंच नाही. दर रविवारी तुमच्याकडे येतच होते, ह्यांच्यावर पहारा द्यायला. तुम्ही गोळ्यांनंतर ह्यांचं तोंड टॉर्चने तपासायचात, तेव्हा हे कसे चिडायचे! तुमच्या शेजारच्या बाईंना वाटायचं ह्यांचे दात दुखतात.

सुरुवातीला डॉक्टरांनी ड्राय वेट खाली आणलं तेव्हा हे अगदीच काटकुळे दिसायला लागले होते. मला पाहवत नव्हतं. मग उन्हाळ्यात काटा वर चढायला लागला आणि सेंटरवाल्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाणी? मीही आधी ह्यांच्याकडेच संशयाने पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण पाय सुजलेले नव्हते, उताणे झोपले तरी धाप नव्हती. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, पाणी नाही, अंग धरलंय. तुमच्या कमी मिठाच्या थालीपिठांनी धरलं ताई. मी सेंटरवर तसं सगळ्यांना सांगितलंय.

गोळ्यांचा कोर्स संपला. नवे फोटो, नव्या तपासण्या झाल्या. काल हॉस्पिटलमधून फोन आला. ऑपरेशन नोव्हेंबरात करू म्हणतात, शुक्रवारी दोघांनी सह्या करायला या.

आज पाट मांडला. ह्यांनी आपणहून शर्ट काढला. तेल लावताना मानेवर आले तेव्हा माझी बोटं नकळत जपून फिरायला लागली. उजवीकडे नळीचा जुना व्रण आहे, बाकी काही नाही. डावीकडे एक डाळीएवढं काहीतरी लागतं. डॉक्टर म्हणतात, ती बऱ्या झालेल्या गाठीची खूण आहे, राहील तशीच, काळजी करू नका. त्यांचं बरोबरच असणार. तरी मी परत परत दाबून पाहिलं. हे म्हणाले, "विनू, गळा दाबतेस का?" मी म्हटलं, गप्प बसा.

हे पत्र ह्यांच्याच हाती पाठवते आहे आणि पाकीट चिकटवलेलं नाही. खुशाल वाचू देत. उद्या भाऊबीज गुरुवारी आली आहे, डायलिसिसचा वार, पण मी शिफ्ट संध्याकाळची करून घेतली. तेव्हा हाताला ओल नको वगैरे काही ऐकू नका. तुम्हाला तसंही ऐकू येत नाही.

पाटावर बसवा, आणि आधी डावी बाजू बघा. ती डाळ वाढली आहे असं वाटलं, दुसरी कुठे लागली, तर लगेच सांगा, मी शुक्रवारी सही न करता आधी डॉक्टरांसमोर जाऊन बसेन. ह्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. माझ्याही नका जाऊ, मला ह्या वेळी तारीख फार हवी आहे, माझी बोटं मला हवं तेच सांगत असतील. तुमच्या हाताने बघा. तुमचा हात ठीक म्हणाला की मी सही करते.

तुमची,
विनिता